प्याल्याची कड

प्याला माझ्या ओठांपासून खाली आला आणि मॅडमनी पर्समधून रुमाल काढला.

प्रभुभोजन चाललं होतं. ऊर्जानगरातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीची उपासना मॅडमच्या क्वार्टरमध्येच भरते. बाया एका सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या. बायांमध्ये रसाचा प्याला एकच फिरतो. एकीनं घोट घ्यायचा आणि शेजारणीच्या हातात द्यायचा. माझ्या आधी कितीतरी बाया प्यायल्या, कुणीच काही पुसलं नाही. मी प्यायले. त्या दिवशी मॅडम माझ्यानंतर बसल्या होत्या, त्यांनी प्याला माझ्या हातातून घेतला आणि कड पुसली. पूर्ण गोल. बाईनं खरकटं भांडं पुसावं तशी. मग प्याला फिरवून पलीकडच्या बाजूनं ओठ लावले. डोळे मिटून आमेन म्हणाल्या.

मला वाटलं, सगळ्यांनी पाहिलं. पाहिलं असेलही. गाणं मात्र लगेच सुरू झालं.

मी मॅडमकडेच कामाला होते. स्वयंपाक, भांडी, फरशी. साहेब वीजकेंद्रात इंजिनिअर. मॅडमच्या घरात तीन पिढ्यांपासून प्रभू आहे. मी ढिवराची लेक, ढिवराची बायको. माझा नवरा नदीत जाळं टाकतो. प्रभुभोजनाची बिनमिठाची पोळी आदल्या दिवशी मीच लाटत असे. मनुका भिजवून, उकळून, गाळून त्यांचा रसही मीच करायची. नवऱ्यानं धरलेली मासोळी मी साफ करायची आणि मॅडम बोटं चाटून खायच्या. म्हणजे माझे हात चालतात. तोंड चालत नाही.

एवढ्याशा रुमालाचं काय मनावर घ्यायचं, असं कुणी म्हणेल. त्याला माझी गोष्ट ठाऊक नाही.

माझं माहेर वडशाकडचं, तलावाकाठचं. गावात कुणब्या-पाटलांच्या घरी लग्न असलं की मासोळ्या आम्ही पोचवायच्या, आणि जेवायला मात्र गोठ्याजवळ बसायचं. ताट आपलं घरून न्यायचं. वाढणारा वरून टाकायचा, हात लागू नये म्हणून. लहानपणी मला वाटायचं, जगात असंच वाढतात.

मग एक म्हातारा उपदेशक आमच्या मोहल्ल्यात येऊ लागला. सायकलवर. गुडघ्यातून वाकलेला. त्याचं बोलणं मला फारसं कळायचं नाही, खरं सांगते. पण एकदा आमच्या अंगणात त्यानं भाकर मोडली, प्याला फिरवला. माझी आई प्यायली. आईनंतर त्यानं तोच प्याला आपल्या तोंडाला लावला. ना पुसला, ना फिरवला. मिशीला रस लागला तो जिभेनं चाटला. माझ्या आईचं उष्टं एक शिकलेला माणूस पीत होता. मी त्या दिवशी ख्रिस्ताकडे वळले. चमत्कार कुणी आंधळ्याच्या डोळ्यांत पाहतं. मी त्या मिशीत पाहिला.

त्या एका प्याल्यासाठी मी जत्रा सोडली, देवीचा नवस सोडला, भावकीची बोलणी खाल्ली. आता त्याच प्याल्यावर रुमाल फिरला होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं बाप्तिस्मा घेतलेला नाही, तो दोन्हीकडे नमस्कार करून मोकळा होतो. जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाला, "गावात तुले गोठ्यापाशी बसवत होते. इथी हॉलात बसवते. तेवढाच फरक हाय."

"तसं नसन बी," मी म्हणाले. "त्यायच्या मनात काई नसन."

"मंग पाहून घे ना. काऊन जळून राह्यली?"

पाहून घेतलं. तेव्हापासून माझे डोळेच बदलले. प्रार्थनेत सगळे डोळे मिटायचे, मी किलकिले ठेवायची. चहाचे कप मीच विसळायची, तेव्हा दिसलं की माझा कप कानतुटका आहे आणि तो नेहमी खिडकीत एकटा ठेवलेला असतो. वर्षानुवर्षं मीच तो तिथे ठेवत होते. मॅडम जुनी साडी द्यायच्या तेव्हा मी आभार मानायच्या आधी विचार करू लागले, ही कशाची भरपाई? "सिस्टर" म्हणून हाक आली की शोधायची, आता कोणतं काम निघालं. संशयानं मी वाळून गेले. आमची उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी त्याच सुमारास उपदेश केला की संशय हे पाप आहे, भावाबहिणींनी एकमेकांबद्दल मनात किंतु धरू नये. बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. मुद्दाम पाहत नव्हते.

मग पुढच्या प्रभुभोजनाला मी लवकर गेले. सतरंजी मलाच अंथरायची होती. अंथरली आणि पहिल्या जागेवर बसले, जिथून बायांचा प्याला सुरू होतो. मॅडम आत आल्या, थबकल्या. "तू मागे बसतेस ना नेहमी?"

"आज इथीच बसतो," मी म्हणाले.

पाळकसाहेबांनी प्याला माझ्या हातात दिला. मी घोट घेतला आणि पुढे दिला. शेजारच्या मास्तरीणबाईंनी ओठांना लावला, पण घोट गिळताना गळा हलतो, त्यांचा हलला नाही. तिसरीनं नुसता कपाळाला टेकवला. मॅडमनी हात जोडले, डोळे मिटले आणि प्याला न पिताच पुढे सरकवला. उपासना संपली. नेहमीप्रमाणे प्याला धुवायला माझ्याकडे आला. एरवी तळाशी थेंब असायचे. त्या दिवशी तो जड होता. जवळजवळ भरलेला.

मोरीशी उभी राहून मी रडले. रागानं रडले. माझा संशय खरा निघाला होता, आणि तो खोटा निघावा म्हणून मी इतके दिवस प्रार्थना करत होते. संशय पाप असेल. मग हे जे प्याल्यात उरलं होतं, ते कुणाचं पाप?

नंतरच्या वेळी ताटात प्याल्याशेजारी एक छोटा स्टीलचा ग्लास होता. त्यात रस. पाळकसाहेबांनी ग्लास माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाले, "तुम्हाला खोकला आहे ना, म्हणून."

सगळे खाली पाहत होते. मॅडमचं घर, मॅडमचं काम, माझ्या घरची चूल त्याच पगारावर. मला माहीत होतं, तोंड उघडलं की काय जाईल.

"मले खोकला नाई," मी म्हणाले. मोठ्यानं.

"असू द्या. हा तुमच्यासाठीच आहे."

"हा माहा, तं मंग प्याला कोनाचा हाय?"

पाळकसाहेबांनी ग्लास परत ताटात ठेवला.

"प्रभूचा असन तं मले त्यातूनच द्या," मी म्हणाले. "तुमचा असन तं तसं सांगा. मी उठून जातो."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. प्रभूकडे नाही, मॅडमकडे. तेवढ्यानं मला उत्तर मिळालं. मी उठले आणि चपला घालून निघाले. दुसऱ्या दिवशी कामावरही गेले नाही.

काही दिवसांनी मॅडम स्वतः आल्या. आमच्या वस्तीत, आमच्या दारात. नाताळ जवळ आला होता. त्यांच्या घरात पाहुणे येणार होते.

"इतकं मनाला लावून घेतेस? अगं, ती फक्त स्वच्छता. मी तुला बहिणीसारखं मानते."

मी खाट पुढे केली. माठातून ग्लासभर पाणी घेतलं. त्यांच्यासमोर एक घोट प्यायले आणि तोच ग्लास पुढे केला.

"घ्या मॅडम. पानी."

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं. मग हसल्या. "आत्ताच चहा घेऊन आले गं."

नवरा दारात जाळं सोडवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. मॅडम लवकरच उठल्या. ग्लास खाटेच्या पायाशी होता तसाच भरलेला. मी तो उचलला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

त्यांच्याकडे कामाला मी आता जात नाही. पोळी लाटत नाही, रस उकळत नाही, सतरंजी अंथरत नाही. पण मंडळी सोडली असं कुणी समजू नये. ख्रिस्त काही मॅडमच्या क्वार्टरसोबत अलॉट झालेला नाही. प्रभुभोजनाच्या प्रत्येक रविवारी मी जाते आणि पहिल्या जागेवर बसते. छोटा ग्लास पुढे आला की हात मागे घेते. प्याला मागते. देत नाहीत. मी बसून राहते, आणि डोळे उघडे ठेवते. एक दिवस त्यांना तो माझ्या हातात द्यावा लागेल, नाहीतर सगळ्यांसमोर, तोंडानं, सांगावं लागेल की तुझं उष्टं आम्हाला चालत नाही. तोवर मी उठणार नाही.