आईचे पाय आणि मांजराची नखं

एका सकाळी मी बँकेत जायच्या गडबडीत असताना आईच्या चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले. पायथ्याकडे ठिकठिकाणी पडलेले, काही वाळून तपकिरी झालेले. मी पांघरूण बाजूला केलं. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली बारीक ओरखडे होते आणि एक जागा खोल टोचलेली. आई पलंगावर बसून निवांत चहा पीत होती.

"आई, पायाला काय झालं?"

"काय झालं?" तिने मलाच विचारलं.

तिला खरंच काही कळलेलं नव्हतं. शुगरने तिच्या तळपायांची जाणीव जवळजवळ नेली होती. चटका बसला, खडा रुतला, तरी समजायचं नाही. आणि काही लागलेलं नसताना मात्र पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळायचे. ती ते फरशीवर घासायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, खाटेवरून लोंबकळत ठेवायची. कशानेच आराम पडायचा नाही. फक्त आमचं मांजर तिच्या तळपायांशी जाऊन बसायचं आणि पुढच्या पंजांनी कणीक तिंबल्यासारखं दाबत राहायचं, तेव्हा ती गप्प पडून असायची. "तेवढा टाइम पाय माहेच हाय असं वाटते," म्हणायची.

बाबा कोळशाच्या खाणीत होते. ते गेल्यावर घुग्घुसच्या त्या घरात आम्ही दोघीच उरलो. मांजर नंतर आलं. एका उन्हाळ्यात ते कूलरखालच्या गारव्याला येऊन बसलं आणि गेलंच नाही. अंगाने पांढरं, पण आमच्याकडे पांढरं काही पांढरं राहत नाही. दारावरून कोळशाचे ट्रक जातात, धूळ घरात येते, मांजर त्या धुळीत लोळतं. आई त्याला 'पोरी' म्हणायची.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि मग ते माझ्याकडे वळून बोलले. आईकडे बघितलंही नाही. "या पायाला जखम परवडत नाही. आज नखाएवढी आहे, उद्या बोट काढावं लागेल. मांजर घरात ठेवू नका."

त्या संध्याकाळी मी भावाला फोन केला. तो माजरी गावच्या खाणीत कामाला आहे, बायकोसोबत तिकडेच राहतो. त्याला उत्तर शोधावं लागलं नाही. "पोत्यात भरतो अन् इकडं सोडून देतो. इथी उंदरं लय हाय, मरत नाई ते."

फोन स्पीकरवर होता. आईने शांतपणे म्हटलं, "पोतं मोठं आणजो. मले बी जायचं हाय."

तो विषय तिथे संपला. मी उठल्या उठल्या टॉर्च घेऊन आईचे तळपाय बघू लागले. बँकेत काउंटरवर बसून समोरच्या माणसाला एकच प्रश्न दोनदा विचारायचे. पाय पट्टीने घट्ट गुंडाळून ठेवले तर आई पट्टी सोडायची. मांजराला बाहेर कोंडलं तर ते दार ओरबाडायचं आणि आत ती कूस बदलत राहायची. शेवटी मी ठरवलं, नखंच कापून टाकायची.

रविवारी दुपारी घरातलं जुनं नेलकटर घेतलं. मांजराला टॉवेलात गुंडाळून मांडीखाली दाबलं. आई म्हणाली, "असं दाबू नोको. घाबरते ते." पण मला ते एकदाचं उरकायचं होतं. पहिलं नख कापलं, दुसरं कापलं. तिसऱ्याला मांजराने हिसडा दिला, मी आणखी जोर लावला आणि नेलकटर दाबलं. ते ओरडलं तसं मी मांजराला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडा ओढून ते सुटलं आणि खिडकीतून भिंतीवर, भिंतीवरून पलीकडे गेलं. फरशीवर रक्ताचे थेंब खिडकीपर्यंत गेलेले. या वेळी ते मांजराचे होते.

आईने फक्त खिडकी उघडी ठेवायला सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

अंधार पडला तरी ते आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी कामावरून आले की पर्स टाकून तशीच बाहेर पडायचे. मागच्या नालीकडे जायचे, रस्त्याकडेला उभ्या ट्रकांखाली वाकून बघायचे, सिमेंट कारखान्याच्या रस्त्यावर ओळखीच्या माणसांना विचारायचे. शिफ्ट सुटून मोटरसायकलवरून येणारा आमच्या गल्लीतला एक कामगार थांबला. तोंड धुळीने काळं झालेलं, डोळेच तेवढे दिसत होते.

"काय शोधून राह्यली बाई?"

मी सांगितलं.

"तिकडं झुडपाकडं एकटी जाऊ नोका," तो म्हणाला. "बिबट दिसला म्हणतेत. तिकडली कुत्री बी कमी झाली."

मी मान हलवली आणि तो गेल्यावर झुडपाच्या कडेकडेने थोडं पुढे गेलेच. हाक मारायला तोंड उघडलं, पण 'पोरी' ही आईची हाक होती, माझ्या तोंडून ती निघेना. तशीच परत आले. घरात आई पाय खाली सोडून बसली होती आणि दोन्ही टाचा फरशीवर सावकाश घासत होती. तो आवाज मला असह्य व्हायचा. मी स्वयंपाकघरात भांडी घासत राहायचे, घासलेली पुन्हा घासायचे.

मांजर समोरच्या बाईंना सापडलं. सकाळी त्यांनी दारातून हाक दिली, "अवो, तुमचं मांजर आमच्या लाकडाच्या ढिगामागं बसलं हाय. लंगडून राह्यलं." मी गेले तेव्हा ते माझ्याकडे बघून आणखी आत सरकलं. त्या बाईंनीच भाताचं पातेलं वाजवून, दुधाची वाटी दाखवून त्याला बाहेर काढलं.

बँकेत रजा सांगितली आणि भाजीच्या, झाकण असलेल्या टोपलीत घालून, टोपली स्कूटीला बांधून मी त्याला चंद्रपूरला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पंजा बघितला. जखम भरत आली होती. मी काय केलं ते सांगितलं तेव्हा त्यांनी मला बोल लावला नाही.

आधी त्यांनी ओल्या कापसाने पंजा पुसला. कापूस काळा झाला. "ही धूळ आधी काढत जा, नाहीतर नखाच्या आतलं दिसत नाही," म्हणाल्या. मग वरून अंगठ्याने आणि खालून बोटाने पंजाचं एक बोट हलकं दाबलं. नख आपोआप बाहेर आलं. खिडकीच्या उजेडात त्याच्या मुळाकडे गुलाबी रेघ दिसत होती. "हा जिवंत भाग. इथे रक्त आहे, इथेच दुखतं. याच्यापासून दूर राहायचं. पुढचं वाकडं पांढरं टोक तेवढं कापायचं, तेही थोडंच." पुढे त्या सांगत गेल्या, घरचं नेलकटर बोथट असलं तर नख कापत नाही, चिरडतं. त्यापेक्षा मांजराचं कटर घ्या. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवरची चिमूट दाबून धरा. आणि शेवटी, "आधी काही दिवस नुसते पंजे हातात घ्या. कटर आणूच नका समोर. तुम्हाला घाई दिसते आहे."

ते खरं होतं. पंजा हातात घेतला की माझा पाय हलायला लागायचा. मांजर लगेच पंजा ओढून घ्यायचं. आई बघत असायची. "तू हालून राह्यली म्हणून ते हालून राह्यलं," म्हणायची. मी उठायचे, पाणी पिऊन यायचे, पुन्हा बसायचे. आईने सुकट भाजून डब्यात ठेवली होती. पंजा एकदा दाबू दिला की एक तुकडा. हळूहळू ते पंजा हातात राहू देऊ लागलं.

मग एका दुपारी, पोटभर जेवून ते आईच्या मांडीवर गोधडीत झोपलेलं असताना, मी कटर घेतलं. आईने एक हात त्याच्या पाठीवर ठेवला. खिडकीचा पडदा मी पूर्ण बाजूला सारला. पंजा पुसला, बोट दाबलं, गुलाबी रेघ पाहिली. पुन्हा पाहिली. टक् असा आवाज झाला आणि पांढरा तुकडा गोधडीवर पडला. मांजराने एक डोळा उघडला आणि मिटला.

"झालं?" आईने विचारलं.

"एक झालं."

"बस मंग आज."

मला सगळी उरकायची होती, पण मी कटर खाली ठेवलं. त्या आठवड्यात रोज एखाद-दुसरं करत दोन्ही पुढचे पंजे झाले.

शेवटच्या नखाच्या दिवशी मांजर उठून निघून गेलं आणि आई आपला उजवा पाय पुढे करून म्हणाली, "आता माहे बी पाहून दे."

मी रोज टॉर्च लावून तिचे तळवे बघत होते. बोटांची नखं वाढून वळली होती हे मला दिसलंच नव्हतं. तिला वाकता येत नव्हतं आणि सांगायची भीती वाटत होती. मांजराचं रक्त तिने पाहिलं होतं. पट्टीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं, नखं सरळ कापा, कोपऱ्यात शिरू नका. मी तिचेही पाय पुसले, तिचं वेगळं कटर धुऊन आणलं आणि पाय मांडीवर घेतला. दुखलं तरी तिला पायावरून कळणार नव्हतं, म्हणून ती सारखी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी चेहरा जमेल तेवढा शांत ठेवला. एवढा वेळ एका जागी मी कित्येक महिन्यांत बसले नव्हते.

आईच्या पायाची जखम बरी व्हायला बरेच दिवस लागले. चंद्रपूरच्या फेऱ्या झाल्या, औषधं बदलली, पण बोट वाचलं. आई आता जाड सुती मोजे घालते, वर गोधडीची घडी, आणि मांजर त्या घडीवर तिंबत बसतं. तिच्या डॉक्टरांनी हे ऐकून नापसंतीने मान हलवली, पण जखम नाही म्हटल्यावर पुढे काही बोलले नाहीत. नखं पुन्हा वाढतात, दर दोन-तीन आठवड्यांनी कटर काढावं लागतं. माझी धास्ती तेवढी गेलेली नाही. कामावर निघायच्या आधी मी अजून मोजे उतरवून बघते, आणि कधी अर्ध्या रस्त्यातून वाटतं की नीट बघितलं नाही.

मागच्या पायांची नखं मांजर अजूनही कापू देत नाही. मी एकदा प्रयत्न करत होते तेव्हा आई म्हणाली, "राहू दे ते. बाहेर जाते ते, झाडावर चढाले लागतात."

मी कटर ठेवून दिलं.