जिना घरात येतो की बाहेर?

हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्येच कुणी फिस्स केलं तर मी चहा अर्धा टाकून उठेन, आधीच सांगून ठेवतो. कारण किस्सा माझ्या गाढवपणाचा असला तरी त्यात माझी चूक फार थोडी आहे. बाकी सगळी या देशाची आहे. आणि जराशी आमच्या ताईची.

मी ॲमस्टरडॅमशेजारच्या डीमनला ताईकडे राहतो, सातव्या मजल्यावर. जवळच्या एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी आहे. नववीत शाळा सुटली, हातात झारा आला, आणि त्या झाऱ्यानेच मला हॉलंडला आणलं. गावाकडे घरामागे डोंगर होता. इथे आल्यापासून चढ म्हणून दिसला तो फक्त कालव्यावरचा पूल. सायकलवाले त्यालाच घाट समजून धापा टाकतात!

तर एके दिवशी दाजी म्हणाले, "दिन्या, बेस्ट गावातले माझे मित्र आणि मी ऑस्ट्रियात डोंगर चढायला चाललोय. येतोस?"

डोंगर! मी लाजत लाजत म्हटलं, "येतो की."

"छान. तिथल्या मुक्कामाच्या झोपडीत आपलं आपण रांधायचं असतं. तांदूळ, डाळ, कुकर तू घे. तुला सवय आहे."

सवय? कुकर पाठीवर घेऊन डोंगर चढायची सवय कुणाला असते हो? दाजी आणि त्यांचे तिघे मित्र, हे चौघे इंजिनियर खिशात बदाम घेऊन चढणार आणि माझ्या पाठीवर अख्खं स्वयंपाकघर! पण डोंगर दिसणार होता. मी कुकर पुसायला घेतला.

"आणि बूट नीट बघून घे," दाजी म्हणाले. "घेतलेस की आधी वापरून रुळव. कोऱ्या बुटांनी कुणाचे पाय सोलले की सगळ्यांनाच परतावं लागतं. बूट रुळले नाहीत, तर तू इथेच."

दुकानात गेलो. सहा फुटांच्या वर गेलेला विक्रेता. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "हलके पाहिजेत, पण ओझं फार आहे, आणि डोंगर आहे." त्याने पहिला जोड दिला तो विटेसारखा जड. दुसरा हलका, पण हातात धरून पिळला तर ओल्या टॉवेलसारखा पिळला गेला. "हा नको," तो म्हणाला, "पाठीवर ओझं असलं की तळवा असा वळता कामा नये." मग तिसरा काढला. वजनाला हलका, पिळायला गेलं तर हटून बसणारा, आणि घोटा गच्च धरणारा.

"शिकारीचे आहेत," तो म्हणाला. "शिकारी जाताना मोकळा जातो, येताना पाठीवर हरीण असतं. तुमच्या पाठीवर काय असणार?"

"डाळ," मी म्हटलं.

त्याने माझ्या पाठीवर वाळूच्या पिशव्या भरलेली सॅक चढवली आणि दुकानातल्याच खोट्या डोंगरावर चढवलं. माझ्या कमरेइतका सिमेंटचा डोंगर! उतरताना बोटं पुढे आपटतात का ते बघायचं होतं. नाही आपटली. मी तर प्रेमातच पडलो.

निघताना तो म्हणाला, "आठवडाभर फक्त घरात वापरा. चावले तर परत घेऊ. पण तळव्याला बाहेरची माती दिसली, तर नाही."

घरात वापरा. ऐकलंत? घरात! हे कुणी कुणाला सांगावं?

मी दारातून आत पाऊल टाकतोय तोच ताई ओरडली, "ए! कुठं निघालास बूट घालून? समोर देवघर आहे!"

"ताई, कोरे आहेत गं. जमिनीलासुद्धा लागलेले नाहीत."

"कसले आहेत?"

मी खोटं बोलायला हवं होतं. पण मला ते वेळेवर सुचत नाही. "शिकारीचे."

"शिकारीचे! माझ्या घरात!"

"अगं, त्यांनी अजून काही मारलेलं नाही!"

काही उपयोग नाही. पायपुसण्याच्या पलीकडे बूट येणार नाहीत, विषय संपला. दारातला चपलांचा स्टँड दाखवून म्हणाली, "तिथे ठेव." हा स्टँडसुद्धा तिने रस्त्यावरून उचलून आणलेला. इथे नको असलेली वस्तू लोक दाराबाहेर ठेवतात, ज्याला हवी तो नेतो. त्यात देवघराला काही होत नाही! बूट मात्र नकोत!

म्हणजे घरात घालायचे नाहीत म्हणून ताई, बाहेर घालायचे नाहीत म्हणून दुकानदार. मी रुळवायचे कुठे, हवेत?

मी दाजींना विचारलं, "जिना घरात येतो की बाहेर?"

दाजींनी इंजिनियरसारखा विचार केला. "छप्पर आहे. माती नाही. आत धर."

झालं. आमच्या इमारतीची लिफ्ट नेमकी त्या आठवड्यात बदलायला काढली होती. खाली एक पिवळ्या जाकिटातले काका खुर्ची टाकून बसलेले असायचे. लिफ्टचे राखणदार असणार, असं मी धरून चाललो. ते "नमस्ते" म्हणाले, मी लाजून मान हलवली. सॅकमध्ये तांदळाचं पोतं, डाळ आणि कुकर भरला आणि सुरू केलं. सातवरून खाली, खालून सातवर.

पहिल्याच दिवशी चौथ्या मजल्यावरच्या आजींनी थांबवलं. त्या डचमध्ये पुष्कळ काही बोलल्या. मला डच येतं ते एवढंच: 'या' म्हणजे हो, आणि 'डांक यू' म्हणजे आभार. 'नाही'ला काय म्हणतात तेही माहीत आहे, पण माणसाच्या तोंडावर म्हणवत नाही. मी म्हटलं, "या." त्यांनी दुधाच्या खोक्यांनी भरलेली पिशवी माझ्या हातात दिली.

ठीक आहे. म्हातारं माणूस आहे. पोचवली.

दुसऱ्या दिवशी सहाव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गादी दिली. खाली न्यायला! मग कुणाचं पार्सल, कुणाची खुर्ची, कुणाची पाण्याच्या बाटल्यांची अख्खी पेटी. लोक दार उघडून माझी वाटच बघत! एका बाईंनी तर कुत्रा दिला. त्याला चांगले चार पाय होते हो! मी तांदूळ, डाळ, कुकर आणि कुत्रा घेऊन पाचव्या मजल्यावर!

"नाही म्हण ना सरळ!" ताई म्हणाली.

"कसं म्हणू? ते आधीच आभार मानतात!"

आणि ते काका? बसून! रोज मी घामाघूम खाली येतोय आणि हे आरामात कॉफी पितायत! मनात म्हटलं, काय माणूस आहे, डोळ्यांदेखत पोरगं मरतंय आणि उठवत नाही याला.

पण एक सांगतो, बूट असे रुळले, असे रुळले की पायात लोणी. कुठे चावणं नाही, टाच सरकणं नाही. शुक्रवारी, निघायच्या आदल्या दिवशी, मी दाजींना चालून दाखवलं. दाजी म्हणाले, "पास!" आयुष्यात कुणी मला पास म्हणायची ती पहिलीच वेळ.

त्याच संध्याकाळी शेवटची फेरी मारली. चौथ्यावरच्या आजींनी हाक दिली, कपाट सरकवायचं होतं. मी दारात बसून बूट काढायला लागलो. आजी हातवारे करत होत्या, राहू दे, बूट घालूनच ये. इथे तसेच येतात लोक. पण मला जमतं का? ताईचं देवघर डोळ्यांसमोर येतं! बूट काढले, दाराबाहेर जोडीने नीट ठेवले, आत गेलो. कपाट सरकवलं. आजींनी कॉफी दिली, एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला.

बाहेर आलो. बूट नाहीत.

वर पाहिलं, खाली पाहिलं. मोज्यांवर धावत तळमजल्याला गेलो. काका खुर्चीत, पाय लांब केलेले. पायात माझे बूट!

"देखो बेटा!" काका खुशीत म्हणाले. हे सुरिनामचे हिंदुस्तानी, पूर्वज कधीकाळी भारतातून तिकडे मजुरीला गेलेले. त्यांची हिंदी आजोबांकडून आलेली, माझी हॉटेलातली. "मुझे तो ऑफिस ने बुज़ुर्गों का सामान उठाने भेजा था. फिर देखा, तुमको भी भेजा है. तुम इतना दौड़ते हो, मेरे लिए काम ही नहीं बचा! आज सोचा, ज़रा ऊपर जाके हाथ-पैर हिलाऊँ. और देखो, चौथे माले पे किसी ने ये बाहर रख दिए थे. मुफ्त में!"

म्हणजे ते काम यांचं होतं? गादी यांची? कुत्रा यांचा?

काकांनी पाय वळवून दाखवला. "एकदम नरम. किसी ने पहन-पहन के कितने प्यार से तैयार किए हैं. भगवान उसका भला करे."

आता तुम्हीच सांगा. एवढा आशीर्वाद दिल्यावर माणसाने काय म्हणायचं? 'काका, ते माझे आहेत.' चारच शब्द. हिंदीत तर तेवढेही लागत नाहीत. मी तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं?

"ऊपर का हुक खाली मत छोड़िए. पैर मुड़ेगा."

नुसतं बोलून थांबलो का? नाही! मी खाली बसलो आणि दोन्ही बुटांच्या नाड्या त्यांना स्वतः बांधून दिल्या.

वर ताई भडकली. "जा, आत्ताच्या आत्ता मागून आण!"

"त्यांनी आशीर्वाद दिलाय गं."

"आणि उद्याचं काय?"

दाजींनी कपाटातून स्वतःचे जुने पळायचे बूट काढले. मी हातात घेऊन पिळले. ओला टॉवेल. "पण कोरे नाहीत ना?" दाजी म्हणाले. "चल मग. कुकर कोण नेणार?"

गेलो. डोंगर पाहिला. डोंगराने माझ्या टाचा पाहिल्या. जास्त विचारू नका.

संध्याकाळी झोपडीशी पोचलो, तर सगळ्यांनी बूट काढून दाराबाहेर ओळीने ठेवले. मी पायातले काढले आणि काखेत मारून आत शिरलो.

"दिन्या!" दाजी ओरडले. "बूट बाहेर! घरात काही वळण लावलंय की नाही तुला?"

मी एका काखेत दाजींचे बूट धरले आणि दुसऱ्या हाताने डाळीला फोडणी दिली.

हं. हसा आता.