नऊ माळ्यांवरचं एक पुस्तक

१४ फेब्रुवारी १९११ रोजी उळवीच्या जत्रेत येसाजींनी साडेचार आणे मोजून गोष्टीचं एक पुस्तक घेतलं. पैसे खरं तर कोयत्यासाठी आणले होते. पुस्तक विकणारे माझे आजोबा. ते मूळचे खानापूरचे. सुप्यात त्यांचं दुकान होतं, आणि जत्रेत ते चटई टाकून फण्या, आरसे आणि थोडी पुस्तकं मांडत. पुढची हकीकत मी त्यांच्याकडून आणि येसाजींची मुलगी फुला हिच्याकडून ऐकली.

येसाजी नंदिगड्ड्याजवळच्या एका वाडीतले कुणबी. भाताची दोन खाचरं, हिवाळ्यात जंगलखात्याची लाकूडतोड, उरलेल्या वेळात बांबूच्या टोपल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. फुलाने चटईवरचं पुस्तक उचलून चार ओळी वाचल्या. मगरीने कुंभारणीची नथ गिळली आणि कुंभारीण ती मागायला डोहावर निघाली, इथवर आल्यावर आजोबांनी पुस्तक काढून घेतलं.

"फुडं?" येसाजींनी विचारलं.

"फुडचं पैसे दिल्यावर."

घरी बायकोने, रुक्माने, टोपली पालथी केली. "कोयता कुठं हाय?"

"न्हाई घेतला. ह्यात मगर हाय."

"मग औंदा मगरीकडनं भात कापून घ्या."

वाडीतली पोरं शाळेत जायला लागून दोनच वर्षं झाली होती. येसाजींनी दारोदार फिरून त्यांना पाठवायला लावलं होतं. वाडीचे बुदवंत, म्हणजे न्यायनिवाडा करणारे वडीलधारे उमाजी, तेव्हापासूनच नाराज होते. भात पिकायला लागलं की दिवसा राघू आणि वानरं हाकलायचं काम पोरांचं. ओढ्याच्या उतारावर राखणीची नऊ मचाणं, म्हणजे माळे, होती; प्रत्येक माळ्यावर एक पोर. दिवसभर एकट्याने बसून ओरडायचं. पोरं कंटाळत आणि पेंगत.

त्या आश्विनात येसाजींनी पुस्तक फुलाबरोबर माळ्यावर दिलं, तिला झोप येऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी नऊच्या नऊ पोरं तिच्या माळ्यावर गोळा झाली. इकडे कुंभारीण पाण्यात उतरली आणि तिकडे वानरं उमाजींच्या वरच्या खाचरात उतरली. अर्धं खाचर गेलं.

उमाजी येसाजींच्या अंगणात आले. "पाटी शिकली आणि राखण इसरली. आणखी एक खाचर गेलं, तर ह्या वाडीचं एक पोर शाळंत जायचं न्हाई. पयली तुझी फुला."

फुला चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं.

सकाळी येसाजींनी सुरीने पुस्तकाची शिवण कापली. फुला रडायला लागली. "बा, पुस्तक मोडलंस."

"मोडलं न्हाई. वाटलं."

अठरा पानं होती; प्रत्येक माळ्याला दोन. वरच्या माळ्याने आपली पानं ओरडून वाचायची, ती संपली की खालच्याने पुढची. जागा सोडायची नाही. सोडली तर गोष्ट तिथेच तुटणार. रोज पानं एक माळा खाली सरकवायची, शेवटच्याची वर न्यायची आणि पहिली पानं ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, म्हणजे नऊ दिवसांत प्रत्येकाचं पुस्तक वाचून पुरं. ज्यांना जोडाक्षरं जमत नव्हती ते आदल्या संध्याकाळी फुलाकडे येऊन उद्याची पानं घोकत. त्यांच्यातला वासू मगरीचं बोलणं घशातून काढी. राघू इतर कशालाही भीत नव्हते तेवढे त्याला भीत. गवत कापणाऱ्या बाया विळा थांबवून ऐकत.

दहाव्या दिवशी पानं पुन्हा पहिल्या क्रमाला आली. दुपारी गोष्ट सातव्या माळ्यापर्यंत आली आणि आठव्यावर थांबली. तो माळा उमाजींच्या खालच्या खाचराचा, आणि त्यावर त्यांचाच नातू नागू.

येसाजी टोपली विणत होते. ते थोडा वेळ थांबले. आवाज आला नाही. विणकाम टाकून ते उताराने धावत सुटले. धावताना त्यांच्या मनात एवढंच होतं की संध्याकाळी फुलाला काय सांगायचं.

पोचले तर उमाजी आधीच तिथे होते. हातात काठी, पाय चिखलात गुडघ्यापर्यंत. वानरं पलीकडच्या झाडांवर चढली होती. कडेच्या चार-दोन लोंब्या सोडल्या तर भात उभं होतं. माळ्यावर नागू डोळे चोळत होता. त्याची पानं खाली पाण्यात पडली होती.

"मामा, चूक झाली," येसाजी म्हणाले.

"कसली चूक? मी ओट्यावर बसून ऐकत हुतो. मगर तोंड उघडणार, तवर गप. म्हटलं, नाग्या पेंगला. आदी कोण पेंगलं ते वानरं खाऊन गेल्यावर कळायचं. आता गोष्ट तुटली की कळतंय." त्यांनी भिजलेली पानं उचलून धोतराला पुसली आणि नातवाकडे वर धरली. "वाच. नथ देती काय न्हाई ती?"

येसाजी तिथेच बांधावर बसले. नागूने वाचलं, नवव्या माळ्याने शेवट केला. मगरीने नथ दिली. उमाजी म्हणाले, "बरं झालं," आणि घरी गेले. शाळेबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत. फुला चौथी पास झाली. वाडीतली ती पहिली.

पुढच्या जत्रेत आजोबांच्या चटईपुढे स्वतः उमाजी येऊन उभे राहिले.

"ह्यात मगर हाय?"

"न्हाई. अस्वल हाय."

"किती पानं?"

"छत्तीस."

"मग दे. चार-चार येतील."

किंमत सहा आणे होती. उमाजींनी साडेपाच दिले. अर्धा आणा अजून येणे आहे.