शौकतची फुंकर

१९६४ साली दुबईच्या खाडीकाठच्या एका छोट्या इस्पितळात राजापूरची नर्स कुबराआपा मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरांना शिकवायची. शिकवायची म्हणजे घोकून घ्यायची. तिलाही तसंच शिकवलं होतं.

"सुई कशी?"

"उकळून, आपाऽऽ!"

"उकळल्यावर हात?"

"लावायचा नाही, आपाऽऽ!"

पाढ्यांची चाल, आणि सगळ्यांत मोठा गळा श्रीवर्धनच्या शौकतचा. तोंडात तंबाखूचा बार असूनही एक शब्द अडखळायचा नाही. आपा खूश.

मग एके दिवशी वॉर्डात तिनं त्याला इंजेक्शन देताना पाहिलं. सुई उकळली, चिमट्यानं उचलली, वा! "बिस्मिल्ला" म्हणून काहीतरी पुटपुटला, सुई ओठांशी नेली आणि फूऽऽ! सुईच्या टोकावर तंबाखूचा ओला कण.

"शी! हे काय रे?"

"दुआ फुंकली, आपा. गुण यायला."

"आणि ती लाळ?"

"पण हात कुठं लावला?"

आपाला आठवलं, तापात आईनं तिच्याही कपाळावर अशीच दुआ फुंकलेली. फुंकू नको म्हणावं तर हा गडी चोरून फुंकणार. आणि शनिवारी झावळ्यांच्या घरांतल्या पोरांना लस टोचायला हाच जाणार होता!

तोंडी परीक्षेत शौकत पहिला. परीक्षा घेणारे डॉक्टर हमदुल्ला घाईत होते. "फर्स्टक्लास! खलास. करा दाखल्यावर सही, सिस्टर."

"सही नंतर. आधी त्याला माझ्या दंडात नुसतं सलाइन टोचू दे, तुमच्यासमोर."

"अहो, त्याला सगळं येतं!"

"म्हणता येतं."

तिनं बाही वर केली. शौकतनं सगळं चोख केलं, आणि शेवटी सवयीनं फूऽऽ! डॉक्टरांच्या चष्म्यावर तपकिरी ठिपका. "या अल्ला! थू!" करत ते उठले. आपानं दंड मागे घेतला.

"हेच पोरांच्या दंडात जाणार होतं, साहेब. आता परीक्षा हातांची घ्या, तोंडाची नको."

शौकत रडवेला. "मग दुआ सोडू, आपा?"

"कोण म्हणतं सोड? आधी तंबाखू थुंक. तोंड धू. आता सुई उकळायच्या पातेल्यातल्या पाण्यावर फुंक, मग चूल पेटव. उकळल्यावर तोंड बंद. चल, यल्ला, करून दाखव."

त्यानं वाकून पाण्यावर लांबलचक फुंकर घातली. आपानं नाक मुरडून तोंड फिरवलं. पाणी खळखळू लागल्यावर त्यानं भीतभीत विचारलं, "दुआ उकळून जाणार नाही ना?"

"दुआ राहते," आपा म्हणाली. "तुझी घाण तेवढी मरते."