दहा सेकंदांचा हात

मांडवीचा आमचा मजीदभाई जहाजावर खलाशी, वर्षाचे दहा महिने बाहेर. लेक आलिया जपानी गाण्यांची वेडी. तिच्या लाडक्या बँडमधल्या पाच पोरी डोक्यावर माशांच्या टोप्या घालून नाचतात, मासळीच्या मांडवीत राहून हिला त्याचं कौतुक! यंदा जहाज योकोहामाला लागलं, तेव्हा तिच्या हट्टापायी हा पन्नाशीचा बाप तीन तास रांगेत उभा राहिला. त्यांची सीडी घेतली की त्या पाचांतल्या एकीशी दहा सेकंद हात मिळवता येतो म्हणे.

घरी आला तशी आलिया दाराशी धावली. "अब्बा, हाच ना तो हात?" म्हणत तिने त्याचा उजवा हात घट्ट धरून गालाला लावला. मजीदभाईला तो सोडवून घ्यायचा धीर होईना. खांद्यावरची बॅगसुद्धा त्याने उतरवली नाही. त्याच्या तोंडाकडे तिने अजून पाहिलंच नव्हतं.