सूर्य उसवताना

विश्रांतवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर किर्गिझस्तानची एक विद्यार्थिनी राहते. तिच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनासाठी मी गुपचूप झेंडा शिवला. लाल कापडावर पिवळा सूर्य, नागमोडी किरणं. बोटं सोलवटली, पण आनंद पोटात मावेना!

झेंडा बघून ती नाचलीच. मग हळूच म्हणाली, "काकू, आमच्या सरकारने किरणं आता सरळ केली आहेत. जुना सूर्य सूर्यफुलासारखा दिसायचा."

मी भडकले. "अगं, झेंडा कुणी असा बदलतं का?"

"आमचा देश माझ्या आईपेक्षा लहान आहे, काकू. अजून घडतोय."

मी कात्री आणली. दोघी हसत उसवायला बसलो. माझ्या देशाचा झेंडा मला तयारच मिळाला होता. एखाद्या देशाचा सूर्य सरळ करायला मात्र सत्तरीत सुई हातात आली.