अक्काचं नाक

वखारीत लाकडाचा ट्रक आला की अक्का आधी कागद बघत नसे, लाकूडसुद्धा बघत नसे. पदर खोचून सरळ ट्रकपाशी जायची, ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाला नाक लावायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "हे उतारावरचं झाड हाय. सावकाश वाढलंय." नाहीतर, "ह्याला पाणी लई मिळालंय. पोचट निघणार." ड्रायव्हर, हमाल, गिऱ्हाइकं सगळी थांबून तिच्या नाकाकडे बघत राहायची. चारचौघांत बाईनं असं हुंगत उभं राहणं बरं दिसत नाही, असं मी लग्नानंतर पहिले काही महिने नवऱ्याला सांगत होते. खरं म्हणजे मला ते नाक हवं होतं.

अक्का माझी थोरली जाऊ. माहेर निपाणीच्या पलीकडचं. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. थोरले दीर अचानक गेले तेव्हा सासऱ्यांनी तिला वखारीच्या गादीवर बसवलं, ती तिथली होऊन गेली. मला ती 'तंगी' म्हणायची. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. मराठीत काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, आणि तिच्या शेजारी उभं राहिलं की मला मराठीतलाच अर्थ पटायचा.

मी काही लाकडाला परकी नव्हते. माझे वडील कोल्हापुरात फर्निचर करायचे. रंध्याच्या ढलप्यांत बसून मी पाढे पाठ केले. कसबा बावड्याच्या वाटेवरच्या या वखारीत सून म्हणून आले तेव्हा वाटलं, इथे आपल्याला किंमत येईल. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांना म्हणाले, "मामा, गिऱ्हाइकाला लाकूड मी दाखवते की." सासरे काही बोलायच्या आत अक्कानं नव्या फळ्यांच्या थप्पीवर हात ठेवला. म्हणाली, "ओलं हाय अजून. एक पावसाळा जाऊ दे." बघत मात्र माझ्याकडे होती. सगळी वखार हसली. मीही हसले आणि घरी जाऊन भाकरी करपवल्या.

सागवान दाखवावं तर तिनंच. फळीवर ओला अंगठा घासायची आणि ती गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरायची. "चपलांच्या दुकानात शिरल्यासारखा वास येतोय का बघा, पावणं. कमावलेल्या चामड्याचा. त्यो तेलाचा वास हाय. म्हणून वाळवी ह्याला तोंड लावत न्हाई. पर कडंचा पांढरा भाग घेऊ नगासा. त्यात तेल न्हाई, किडा तिथनंच शिरतोय." गिऱ्हाईक फळीला पोटाशी धरून जायचं. ती जेवायला गेली की हेच सगळं मी शब्दाला शब्द सांगायची, अंगठाही तसाच घासायची. गिऱ्हाईक शांतपणे ऐकून घ्यायचं आणि विचारायचं, "अक्का कवा येत्यात?"

तिचं खरं प्रेम शिसवावर. ते जड, काळपट, आडव्यातिडव्या रेषांचं लाकूड सुतारांना नको व्हायचं. रंधा अडायचा, करवतीचे दात जायचे. सुतार कुरकुरले की ती म्हणायची, "मानी हाय ते. दमानं घ्या. एकदा बसलं की हलायचं न्हाई." ती स्वतःबद्दलच बोलतेय असं मला वाटायचं आणि कुणाच्या ते ध्यानात कसं येत नाही याचा राग यायचा.

मग तो शिसवाचा ओंडका आला. कुणाच्या तरी बांधावरचं जुनं झाड, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. अक्कानं हुंगलं, कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्यानं ठोकलं, कान लावला. "आत पोकळ हाय. परत धाडा."

मीही ठोकून बघितलं. एकदा टोकाला, एकदा मध्यावर. टोकाला आवाज फुटका येत होता, मध्ये मात्र घट्ट. "अक्का, टोकाला चीर गेलीय, तिचा आवाज आहे तो. आत धड आहे."

तिच्या नाकाला अजून कुणी खोटं ठरवलं नव्हतं. सासरे आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "लावा आऱ्यावर."

नवऱ्यानं करवतीचं मशीन सुरू केलं. पहिली फळी सुटली तसा गोडसर वास सुटला, गुलाबाची पाकळी चुरगळल्यासारखा. आत जांभळट काळा गाभा, त्यावर शाईच्या रेघा ओढल्यासारख्या काळ्या रेषा. पोकळी सोडा, सुईच्या टोकाएवढं भोक नव्हतं. इतक्या वर्षांत असा दिवस मला आला नव्हता. मी मान वर केली आणि अक्काच्या तोंडाकडे बघितलं.

ती हसत होती. नुसती हसत नव्हती, टाळ्या वाजवत होती. "माझं चुकलं! तंगीचं खरं निघालं!" असं रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली आणि सगळ्यांना चहा सांगितला.

चार दिवसांनी पेठ वडगावचे एक सुतारमामा आले. मला म्हणाले, "वैनी, अक्काचं मन बघा. येवढी जाणती बाई, पर चारचौघांत चूक कबूल केली. कोण करतंय असं?" महिनाभर हेच ऐकलं. ओंडका कुणी ओळखला होता ते कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. चुकायचं कसं हेसुद्धा तिलाच माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला ताप आला. ताप उतरला, पण वास परत आला नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. ट्रक आला की तशीच जायची, नाक लावायची, डोळे मिटायची. पण निकाल येईना. "बरं हाय," एवढंच म्हणायची आणि गादीवर जाऊन बसायची. मला पहिल्याच ट्रकला कळलं. इतकी वर्षं मी दुसरं काय बघत होते?

मग ट्रक आला की मी तिच्या अगदी जवळ जाऊन उभी राहू लागले. वाटायचं, आता म्हणेल, तंगी, तू हुंग आणि सांग मला. मी सांगितलं असतं. कुणाला कळूही दिलं नसतं. तिनं कधी म्हटलं नाही.

एके दिवशी सकाळी पिशवी भरून अंगणात आली. "हुबळीला जातो लेकीकडं."

"आणि वखार?"

"तू हाईस की."

"अक्का, तुमच्या नाकाचं..."

"नाकाला काय झालंय?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिची पिशवी उचलून रस्त्याकडे चालू लागले.

गादी माझी झाली. हवी होती तशीच, कुणाशी न भांडता. गिऱ्हाइकं अजून तिला विचारायची. सासरे गेले तेव्हा ती एकदाच आली, तेरावं उरकून परत गेली. वखारीत पाऊलही टाकलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती झोपेतच गेली. आम्ही हुबळीला पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. लेकीपेक्षा जास्त एक शेजारीण रडत होती. माझ्याच वयाची, कानडी वळणाचं मराठी बोलणारी. मी कोल्हापूरची जाऊ म्हटल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले.

"आमच्या घराचं काम चाललं होतं, बाई. अक्का रोज यायच्या. लाकूड आलं की मला म्हणायच्या, मला वास येत नाही, तू घे आणि सांग. मी सांगायची, हे गोड आहे, हे कडवट आहे, हे चामड्यासारखं आहे. त्या डोळे मिटून ऐकायच्या. मग हे घे, ते नको, असं सांगायच्या. सगळी दारं आम्ही दोघींनी निवडली."

मला वास येत नाही. एवढं वाक्य तिनं या परक्या बाईला सरळ सांगितलं होतं.

रात्री नवरा म्हणाला, परक्यापुढं सांगायला सोपं जातं गं. जात असेल. त्या वेळी मात्र माझ्या हातांवर त्या शेजारणीचे हात होते आणि ते मला सहन होत नव्हते. अक्काचा मला आयुष्यभर हेवा वाटला होता, पण असं आतून कधी पेटलं नव्हतं.

"पलीकडंच घर आहे," ती हुंदका आवरत म्हणाली. "चला, तुम्हाला दारं दाखवते. तुम्हाला त्यातलं कळेल."

मी हात सोडवून घेतले आणि गाडीची वेळ झाली म्हणून सांगितलं. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता.